कोरी सोडत

छावणीच्या बाजारात, पिठाच्या गिरणीवर माझी खोली होती. प्रबंधवाल्यांचे आकडे सोडवून देणं हा माझा धंदा. डॉक्टर, शेतकीवाले, समाजकार्यवाले, सगळे शेवटच्या आठवड्यात धापा टाकत जिना चढायचे आणि एकच विचारायचे, "बद्रीनाथ सर, पी पाच टक्क्यांच्या खाली आला का?" सव्वीस वर्षं तेच. मी पार कंटाळलो होतो.

पी म्हणजे काय, हे सांगून जीभ झिजली. दोन गटांत मुळात काही फरकच नसेल, तर निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, म्हणजे पी. खरोखर काही घडत नसेल तर तो शून्य ते एकच्या मध्ये कुठंही पडतो, कुठल्याही एका जागेचं त्याला प्रेम नाही. असे पुष्कळ पी काढून आलेख मांडला, तर तो कंपाउंडच्या भिंतीसारखा सपाट येतो. काही घडत असेल, तर शून्याजवळ ढीग लागतो. एवढंच. पण ऐकायला वेळ कुणाला होता?

म्हणून मी आपली एक सवय लावून घेतली होती. औषध सुरू व्हायच्या आधी मी कोरी सोडत काढायचो. यादीतली माणसं घ्यायची, कॉम्प्युटरला नाणेफेक करायला लावून निम्मी 'अ'त, निम्मी 'ब'त टाकायची. कुणाला काही द्यायचं नाही. असं चाळीस वेळा. चाळीस पी. भिंत सपाट आली की आपलं गणित सरळ आहे म्हणायचं. हे खोट्या यादीवरही करता येतं. खऱ्या माणसांची यादी घ्यायची खोड माझी.

१९९८च्या मार्चमध्ये ताहेरा आली. करमाडची, तिशीतली, एका संस्थेत नोकरीला. आसपासच्या चारशे अशक्त बायकांना पौष्टिक पीठ दिलं तर वजन वाढतं का, हे संस्थेला बघायचं होतं. वजनं ताहेरा स्वतः घ्यायची. यादीत एकशे बारा नंबरला तिची मावशी, जोहराखाला होती. आई गेल्यावर तिनंच ताहेराला लहानाचं मोठं केलेलं.

मार्चच्या वजनांवर मी चाळीस सोडती काढल्या. आलेखाचे दहा खाने, कुठं तीन पी, कुठं पाच. भिंत सपाट.

एप्रिलमध्ये पीठ आलंच नाही, मंजुरी अडकली. ताहेरानं वजनं मात्र घेतली. मार्चपासून किती फरक पडला ते मी त्याच जुन्या सोडतींवर तपासलं. भिंतीला डावीकडं, शून्याजवळ, उंचवटा आला होता. पहिल्या खान्यात अठरा पी, आणि जवळजवळ प्रत्येक सोडतीत 'अ' गट हलका.

मी काट्याला दोष दिला. एसटीनं करमाडला जाऊन काटा तपासला. पाच किलोचं माप ठेवलं की तो पाचच दाखवत होता. परत येऊन मी सोडतींची फाइल पुसून टाकली. छापील कागद तेवढे राहिले.

मेमध्ये पीठ अजून गोदामातच. खाली गिरणी चालू होती, फरशी बारीक थरथरत होती. मी कागदांवरून सोडती पुन्हा भरल्या. चाळीसपैकी छत्तीस पी पहिल्या खान्यात.

मग प्रत्येक बाई 'अ'त किती वेळा पडली ते मोजलं. नाणेफेकच ती, बहुतेकजणी वीसेक वेळा. जी जास्त वेळा पडली, तिचं वजन जास्त उतरलेलं, अगदी क्रमानं. सगळ्यात वर एकशे बारा नंबर, तीस वेळा. मार्चमध्ये बेचाळीस किलो, मेमध्ये चौतीस.

दुसऱ्या दिवशी ताहेरा आली ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

"खाला जेवते, सर. दोन भाकरी खाते. तरी बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. डॉक्टर बोले कुछ नहीं है. आणि म्हणते, कोण तरी मला हाका मारतंय. बोटांवर मोजत बसते."

"किती?"

"तीस. रोज तीसच."

कागद माझ्या हातातच होता. मी तो तिच्यापुढं सरकवला आणि जे दिसलं ते सांगितलं. सांगायला नको होतं.

"पुसून टाका ना मग."

"पुसलं होतं. एप्रिलमध्येच."

"मग बदला. तिची जागा दुसऱ्या कुणाला द्या."

"ताहेरा, हे नुसते कागद आहेत."

"नुसते कागद हायेत, तर बदलायला काय जातं, सर?"

खरं सांगायचं तर मी थकलो होतो, ती लवकर घरी जावी एवढंच मला हवं होतं. 'अ'त सगळ्यात कमी, अकराच वेळा पडलेली बाई मी शोधली. दोनशे सतरा नंबर. तिचं वजन अडीच किलोनं वाढलं होतं. हिला झेपेल, असं मनात आलं. लाल पेननं चाळीसही सोडतींत दोघींची अदलाबदल केली. नाव मी बघितलं नाही. बघायचं नाही, असं ठरवलंच होतं.

जूनमध्ये ताहेरा पेढे घेऊन आली. पीठ अजून आलेलं नव्हतं, तरी खाला अडतीस किलो. हाका थांबल्या होत्या. वजनांची वही तिनं टेबलावर ठेवली. दोनशे सतराची ओळ मी वाचली नाही, तिनंही विषय काढला नाही. आम्ही पेढे खाल्ले. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

चार दिवसांनी, भर दुपारी, दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची. लुगडं अंगाभोवती गुंडाळल्यासारखं दिसत होतं.

"मी सारजाबाई. करमाडची. हाक मारली नव्हं तुमी?"

"मी? नाही, बाई."

"आवाज तुमचाच हाय."

मी तिला टेबलाशी बसवलं. तिला बराच वेळ दम लागला होता.

"घरात दुसऱ्या कोनाला ऐकू येत नाय. मंग आवाजाच्या मागं मागं आले."

मी टेबलावरचे सोडतींचे कागद पालथे घातले.

"सायेब, माझं काय चुकलं? एवढ्या बायात मीच का?"

सव्वीस वर्षं या प्रश्नाला माझ्याकडं एकच उत्तर होतं. योगायोग. या वेळी ते खोटं ठरलं असतं. चारशेजणींत तिला एकटीला मी निवडलं होतं, आणि निवडायला कारण होतं. तिची तब्येत चांगली होती.

मला आधी लाज वाटली. भीती नंतर.

"पानी द्या थोडं," ती म्हणाली.

मी अर्धाच ग्लास भरून तिच्यापुढं ठेवला.

तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

ग्लास जागचा हलला नाही.