पापणीची तार

सुरय्या दुकानाची पायरी चढली तीच हनुवटी वर करून. घड्याळाच्या पोटात डोकं घालून बसलेल्या शफीनं एक नजर टाकली आणि पुटपुटला, "बाप रे, काय तोरा!"

"तोरा नाही," ती म्हणाली. "पापणी आहे."

मग त्यानं नीट पाहिलं. उजवी पापणी जन्मापासून अर्ध्यावर लवलेली. तिच्याखालून समोरचं बघायचं, तर मान मागे टाकण्यावाचून इलाज नाही. शफीचे कान लाल झाले. सोबत आलेल्या अमिनाफूफीनं, तिच्या आत्यानं, मात्र खुशाल स्टूल ओढून पानाचा डबा उघडला.

महिन्यातून एकदा मुंबईहून नाशकात येणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती : ऑपरेशन थंडी सरताना करू, तोवर चष्म्याच्या आत बारीक तार बसवून घ्या, ती पापणी उचलून धरील. दूधबाजार पेठेत असली नाजूक कामं घड्याळवाला शफीच करी. त्यानं तार तापवली, वाकवली, काचांवर हाऽऽ करून त्या सदऱ्यानं पुसल्या आणि चष्मा तिच्यापुढे ठेवला.

सुरय्यानं तो घातला. हनुवटी खाली आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती कुणाकडे तरी सरळ समोर बघत होती... आणि तो कुणीतरी शफी निघाला, त्याला ती तरी काय करणार?

आठ दिवसांत तार ढिली झाली. पुन्हा यावं लागलं. मग दर गुरुवारीच यावं लागू लागलं.

"अहो, ऐकलंत का, परत सरकली."

"'ऐकलंत का' नवऱ्याला म्हणतात, बये," फूफी तोंडात पान धरून म्हणाली. "शफीभाई म्हण."

सुरय्या मान डोलवायची. पण 'भाई' जिभेपर्यंत येऊन तसाच माघारी जायचा.

अशात निफाडचं स्थळ आलं. घरचा मळा, दारात बैलांच्या दोन जोड्या. मुलगी पसंत आहे, डोळा तेवढा करून घ्या, असा निरोप. अब्बांचा, रहेमानभाईंचा, आनंद गगनात मावेना.

"पुढच्या गुरुवारी यायची नाही मी," सुरय्या दुकानात म्हणाली. "ऑपरेशन आहे."

शफीच्या हातातला चिमटा थांबला. "म्हणजे... मग तार लागायची नाही."

"नाही."

"भीती वाटते?"

"छे!" आणि मग हळूच, "टाके किती घालतात हो?"

त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "डॉक्टरांना विचारून आलो. एका गिऱ्हाइकासाठी म्हणून." कान पुन्हा लाल. "आधी डोळ्यात थेंब, मग पापणीत सुई. ती टोचेल. पुढे नुसतं ओढल्यासारखं. टाके रेशमाचे. पट्टी दोन्ही डोळ्यांवर, कारण एक हलला की दुसराही हलतो. मग पापणी वांग्यासारखी जांभळी होईल. घाबरून आरसा फोडायचा नाही."

"आणि दोन्ही सारख्या दिसतील?"

"हुबेहूब सारख्या कुणाच्याच नसतात, म्हणाले." तो अडखळला. "अजून एक... झोपेत तो डोळा पुरता मिटायचा नाही. फट राहील. कदाचित कायमची. डोळा कोरडा पडू नये म्हणून रोज निजताना तेलाचा थेंब सोडायचा, आणि घरातल्या कुणीतरी लक्ष ठेवायचं."

कागद त्यानं तिला दिला. तिनं तो उशीखाली ठेवला.

सगळं कागदाबरहुकूम झालं. सुई टोचली, रेशीम ओढलं गेलं. पट्टीच्या अंधारात सुरय्या पडून राहिली, तेव्हा मात्र कागदात नव्हतं ते सुरू झालं. घरात एकच घड्याळ. ते इमानदारीनं टिकटिक करी. आणि तिचा जीव अडकलेला शफीच्या दुकानातल्या त्या वीस घड्याळांत, ज्यांतली दोनसुद्धा एक वेळ सांगत नसत. आज कोण वार? गुरुवार असला तर आता तो काचांवर हाऽऽ करत असेल... कुणाच्या?

सूज उतरली. डोळा उघडला, छान उघडला. निफाडकर जुम्म्याला झालेला डोळा बघायला यायचे ठरले. आदल्या दिवशी, गुरुवारी, सुरय्या फूफीला घेऊन दुकानात गेली. हनुवटी खाली, नजर समोर.

शफी बघतच राहिला. "बरी... बरी उचललीय."

"चष्मा परत करायला आले."

त्यानं तो हातात फिरवला. "कबूल करतो. याचा पेच मी दर वेळी अर्धा फेरा ढिला ठेवायचो. पुरता आवळला असता, तर तुम्ही सहा महिने फिरकला नसता."

सुरय्या खुदकन हसली. "पेचाचं मला ठाऊक नाही. तार तर मीच वाकवायची. दर बुधवारी."

"आणि मी बघायची," फूफी म्हणाली. "दार लोटून घ्यायचीसुद्धा अक्कल नाही पोरीला."

घड्याळं आपापल्या चालीनं चालत राहिली.

"उद्या निफाडकर यायचेत," सुरय्याचा आवाज बारीक झाला. "झोपेतल्या फटीचं त्यांना सांगितलेलं नाही. अब्बा म्हणतात, झोपलेलीला कोण बघतंय!"

"मी बघेन," शफी म्हणाला.

आणि स्वतःच दचकला. "म्हणजे... थेंब... रोज. चुकवणार नाही. जन्मभर."

फूफीनं पानाचा डबा खटकन मिटला. "रहेमानला मी समजावते. निफाडला निरोप आजच जाईल. पण आधी हिला विचारू दे. काय गं, तुझं काय म्हणणं?"

सुरय्याला त्याच्याकडे सरळ बघून उत्तर द्यायचं होतं. पण डॉक्टरांनी एवढ्या कष्टानं वर उचललेली ती पापणी लाजेनं आपसूक खाली आली. डावी पुरती मिटली. उजवी मात्र थोडी फट ठेवून थांबली...

आणि त्या फटीतून तिला शफी दिसत होता.