हवा चोरणाऱ्या काळूचा शेवट

टीव्हीला खिडकी मिळाली आणि दमयंतीला दांडा.

रत्नागिरी स्टँडवरून सुटलेली मिऱ्याची एस.टी. खच्चून भरली होती. दमयंतीच्या एका हातात पूजेची केळी, दुसऱ्या हातात छताचा दांडा... आणि समोरच्या सीटवर, खिडकीशी, गोधडीत गुंडाळलेला एक टीव्ही आरामात वारा खात बसला होता. त्याच्या शेजारी काळं रेक्झिनचं जाकीट आणि काळा गॉगल घातलेला एक तरुण. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि ह्याला जाकीट!

"अहो, ही सीट माणसांसाठी आहे," ती म्हणाली.

"बाय, ह्यात पण माणसंच हायत," टीव्हीवर हात ठेवून तो म्हणाला. "कायच्या काय गर्दी हाय आत. तुमी तर एकट्याच."

"मग मांडीवर घ्या त्याला!"

"काच हाय. धक्का चालत नाय."

"आणि मला चालतो?"

त्यानं गॉगल जरासा खाली सरकवला. डोळे मात्र अगदीच गरीब होते, आणि लाजल्यासारखे लगेच बाजूला वळले. उतरेपर्यंत दमयंती त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होती. नशीब असं की तो तिच्याच थांब्यावर, तिच्याच वाडीत उतरला. सत्यनारायणाच्या पूजेला वाडीनं व्हिडिओ मागवला होता, तो घेऊन येणारा आत्माराम शिवलकर तो हाच. आत्माराम! एवढं सोज्वळ नाव असलेल्या माणसानं गुंड दिसायची इतकी धडपड कशाला करावी, देव जाणे.

दुपारी तीर्थप्रसाद झाल्यावर शाळेच्या खिडक्यांवर गोधड्या टांगून अंधार केला. सगळी वाडी हात जोडून बसली, कारण देवाचा पिक्चर ठरला होता. पडद्यावर मात्र एक काळ्या जाकिटातला, काळ्या गॉगलवाला इंग्रजीत बोलत तोंडावर नळी लावलेल्या माणसांना धडाधड गोळ्या घालायला लागला.

"अरे मेल्या, हा कुठला देव?" वाडीचे अध्यक्ष दादूकाका ओरडले.

दुकानदारानं डब्यात भलतीच कॅसेट घातली होती, आणि ह्या शहाण्यानं डबा उघडून बघितला नव्हता. "काका, ह्यात पण आकाशातून खाली उतरतात," आत्माराम चाचरत म्हणाला. त्यानं हा पिक्चर शहरात आधीच चारदा पाहिला होता.

पैसे तर देऊन झाले होते. मग कुणाला तरी आठवलं की दमयंती इंग्रजी घेऊन बी.ए. झालीय, आणि तिच्या हातात माइक आला. बोला! शेक्सपिअर वाचलेल्या मुलीनं अंतराळातल्या दरोडेखोराची वकिली करायची.

गोष्ट अशी होती. पुढच्या कुठल्याशा काळात पृथ्वीवरची हवा नासलेली असते. चांगली हवा सरकारनं कोठारात बंद करून ठेवलेली. आणि हा गडी ती चोरून विकायचा. परोपकार वगैरे काही नाही, जास्त पैसे देईल त्याला. वाडीनं गॉगल बघून त्याचं नाव ठेवलं काळू. कोठारावरच्या डॉक्टरणीला तो पळवून नेतो आणि मग तीच त्याच्या जखमा बांधते.

"तो म्हणतो, माझ्या वाटेला जाऊ नका," दमयंती सांगायची.

"न्हायतर मुडदा पाडीन!" आत्माराम मध्येच माइकमध्ये तोंड घालायचा.

"असं नाही म्हणाला तो!"

"त्याच्या मनात हाय."

"त्याला आईबाप नाहीत काय गो?" दमयंतीची आई गोदूबाई पुढून विचारायची, आणि सगळी शाळा हसायची.

शेवटाला थोडं उरलं असताना आत्मारामनं मशीन बंद केलं. म्हणे पुढची टेप खराब आहे. मग माइक घेऊन, छाती काढून त्यानं शेवट सांगितला. "आणि काळू एकलाच निघून गेला. मागं वळून पण बगला नाय. कारण काळू कुणाचा नाय!"

दमयंतीनं कपाळावर हात मारला.

पण पिक्चर गाजला. शेजारच्या वाड्यांतून बोलावणी यायला लागली, काळू पाहिजे आणि सांगणारी बाय पण पाहिजे. आत्माराम टीव्ही घेऊन न्यायला यायचा, सोबतीला गोदूबाई. बांधावरून जाताना आंब्याच्या मोहराचा वास यायचा, आणि तो जाकिटाच्या खिशातून तिच्यासाठी बोरं काढायचा... घामानं ओली झालेली!

"काढ की ते जाकीट. उकडून मरशील," ती चिडायची.

"काळू काढतो काय?"

"काळूला बायको नाही सांगायला."

"मला तरी कुठं हाय?"

एवढं बोलून तो गॉगल लावायचा आणि पुढे चालायला लागायचा. गॉगलाआड कान लाल झालेले दिसायचे. दमयंतीला वाटायचं, ह्याला उचलून समुद्रात टाकावा. आणि रात्री त्याचंच बोलणं आठवून हसू यायचं. प्रेमात पडली होती ती, सरळ सांगायचं तर. पण ज्याच्यावर पडली तो म्हणजे नुसता वैताग!

शिमग्याच्या तोंडावर मुंबईहून त्याला बोटीचा कॉल आला. खलाशी म्हणून, वर्षभरासाठी. जाण्याआधीचा शेवटचा खेळ तिच्याच वाडीत लागला. शाळेत टीव्हीच्या वायरी जोडताना त्यानंच तिला बातमी दिली, तीही वायरींकडे बघत.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय... जायचा."

"बस? एवढंच?"

"काळू कुणाचा नाय," तो हसत म्हणाला. पण हसणं काही जमलं नाही.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि राग त्याहून जास्त आला. मुंबईचं एक स्थळ होळीनंतर बघायला येणार होतं. हा असाच मुकाट निघून गेला तर आई तिकडे होकार देऊन मोकळी होणार होती. आणि ह्याला ते ठाऊक होतं!

खेळ सुरू झाला. तिनं सगळं धडधडीत, एका दमात सांगितलं. नेहमीच्या जागी आत्मारामचा हात मशीनकडे गेला. तिनं त्याचा हात धरला.

"चालू दे."

"टेप खराब हाय."

"होऊ दे खराब."

"नको गो, दमयंती..."

पण तिनं सोडला नाही. आणि टेप मुळीच खराब नव्हती. काळू विमानात बसून निघाला होता, हे खरं. पण ते विमान वळलं! काळू परत आला, चिखलातून धडपडत डॉक्टरणीच्या दारात उभा राहिला आणि त्यानं गॉगल काढला. ढसाढसा रडत होता मेला.

दमयंतीनं आत्मारामकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती.

"काय म्हणतोय गो तो?" गोदूबाईनं विचारलं.

"काहीच म्हणत नाही, आई."

"असा कसा? एवढा परत आला तो?"

"नुसता उभा आहे." तिनं माइक आत्मारामच्या हातात कोंबला. "हा सांगेल. ह्याला त्याच्या मनातलं कळतं."

आत्मारामनं माइककडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग हळूच गॉगल काढून खिशात ठेवला. "तो म्हणतो..." आवाज लाउडस्पीकरमधून थरथरत बाहेर पडला. "मला बोटीवर जायचा हाय. पण मी परत येणार. तोवर थांबशील काय गो... माझ्यासाठी?"

"ह्यात बोट कधी आली?" दादूकाकांनी विचारलं.

"तुम्ही गप्प बसा ओ!" गोदूबाई उठून उभी राहिली. पदर खोचून तिनं आत्मारामला नीट न्याहाळलं. "काळू, असं माइकवरून मागणी घालतात काय? उद्या आईला घेऊन घरी ये. आणि ते जाकीट काढून ये."

सगळी शाळा हसली. दमयंतीनं माइक ओढून घेतला. "ती म्हणते, थांबेन. एवढं सांगायला चार गावं हिंडवलंस रे मला!"

दुसऱ्या दिवशी तो पांढऱ्या सदऱ्यात, आईला घेऊन आला आणि गोदूबाईनं चहाबरोबर होकारही दिला. संध्याकाळच्या एस.टी.नं टीव्ही शहरात परत द्यायचा होता. दमयंती पोहोचवायला निघाली, म्हणून गोदूबाईही निघाली. गाडी नेहमीसारखीच भरलेली. एकच सीट रिकामी होती, खिडकीची. आत्मारामनं टीव्ही छातीशी धरला आणि ऐटीत दमयंतीला म्हणाला, "बस. आता ही जागा तुझी."

तेवढ्यात गोदूबाई तिथे बसलीसुद्धा.

दमयंतीनं नेहमीसारखा कपाळावर हात मारला आणि टीव्हीची दुसरी बाजू धरली. स्टँड येईपर्यंत दोघं टीव्हीला सांभाळत, एकमेकांकडे बघत उभे होते.