सगळीच इंजिनं दहाने मोठी

"खाली घ्या... अजून थोडं... थांबा, थांबा म्हटलं ना!" मामा ओरडला.

साखळीला लटकलेलं इंजिन थांबलं, पण जरा उशिरानेच. त्याचं नाक मोटारीच्या रेडिएटरवर खण्णकन आपटलं. मिस्त्रीकाकांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"नाही बसत. चार बोटं लांब पडतंय."

हे तिसरं. ताई, भोपळा आणि टिकली ही तीन मावसभावंडं सुट्टीत आजोळी आली होती ती आजोबांच्या जुन्या मोटारीतून भटकायला. त्याऐवजी पंधरा दिवस ती मिस्त्रीकाकांच्या गॅरेजमध्ये बसून मोटारीचं रिकामं पोट बघत होती. भोपळ्याने तर तेवढ्या वेळात बिस्किटांचे नऊ पुडे संपवले होते.

मोटार वयाने आजोबांपेक्षा थोडीशीच लहान. आजोबा तिला 'बाईसाहेब' म्हणत. तिचं मूळचं इंजिन तडकलं होतं आणि तसं आता कुठेच बनत नव्हतं. म्हणून भोकं जुळतील आणि जागेत मावेल असं दुसरं शोधायचं होतं. तेही लवकर, कारण येत्या सोमवारी आजोबांचा गाडी चालवायचा परवाना संपत होता आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की पुढचा मिळणार नाही. त्याआधी एकदा, फक्त एकदा, बाईसाहेबांना स्वतः चालवायचं एवढंच आजोबांचं मागणं होतं. आणि आज शुक्रवार उजाडला होता.

"बाबा, आता पुरे," मामा म्हणाला. "हिच्या मापाचं इंजिन काही मिळत नाही. उद्या सकाळी भंगाराचा ट्रक बोलावतो."

आजोबा कधी नव्हे ते वाद न घालता "बरं" म्हणाले. मग खिशातून फडकं काढून त्यांनी बाईसाहेबांचे दिवे पुसायला घेतले. उद्या भंगारात जाणाऱ्या गाडीचे दिवे! टिकलीला ते बघवेना, म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली.

त्या भिंतीवर मामाने खडूने सगळी मापं लिहून ठेवली होती. इंजिन बसलं नाही की तो ते मोजून आकडा लिही; तशी त्याला खोडच होती. गाडीतली जागा: बहात्तर सेंटीमीटर. पहिलं इंजिन: दुकानदार म्हणाला एकाहत्तर, मोजलं तर एक्याऐंशी. दुसरं: अडुसष्ट, मोजलं तर अठ्ठ्याहत्तर. तिसरं: सत्तर, मोजलं तर ऐंशी. खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'सगळे दुकानदार लबाड.'

"ताई," टिकली म्हणाली, "तिघंही दहानेच कसे काय खोटं बोलले?"

ताई तेरा वर्षांची, तिघांत मोठी. तिने भिंतीकडे पाहिलं आणि ती उठूनच उभी राहिली. "तीन गावांतली तीन दुकानं. एकमेकांची तोंडंही पाहिली नसतील त्यांनी."

"मग खोटं बोलतंय कोण?" भोपळ्याने तोंडातलं बिस्कीट गिळत विचारलं.

तिघांचीही नजर एकाच वेळी बाकावर पडलेल्या टेपवर गेली. मिस्त्रीकाकांचा टेप होता तो. पण काकांचे हात कायम ग्रीसने माखलेले, त्यामुळे मोजायचं काम मामाचं. टेपच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली होती.

"मामा, हा टेप एकदा बघ ना," ताई म्हणाली.

"तुम्ही पोरं मध्ये मध्ये करू नका रे. आधीच डोकं फिरलंय माझं."

ताईने टिकलीच्या कानात काहीतरी सांगितलं. टिकली वय वर्षं दहा, पण नाटकं करण्यात विशीची. ती मामासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, माझी उंची मोज. भोपळ्याशी पैज लागलीय."

"आता? या वेळेला?"

"उद्या गाडी गेली की इथे कशाला येऊ आपण?"

मामाचा चेहरा पडला. त्याने निमूटपणे टेप उचलला, टोक तिच्या टाचेखाली दाबलं आणि डोक्यापर्यंत ओढला. "एकशे अडतीस."

"म्हणजे मला पोहायच्या मोठ्या तलावात सोडतील? तिथे एकशे तीस लागतात."

"सोडतील की."

"मग काल का नाही सोडलं? तिथे एकशे अठ्ठावीस भरले. तू शेजारीच तर होतास. एका रात्रीत मी दहा सेंटीमीटर वाढले?"

मिस्त्रीकाका हात पुसत पुढे आले.

"साहेब, दहा वजा करता ना तुम्ही?"

"कसले दहा?"

"अहो, टेपचं टोक दोन वर्षांपूर्वी तुटलं. मी पुढे पट्टी लावून घेतली. तो दहापासून सुरू होतो. इथे सगळ्यांना माहीत आहे."

"मला कोण सांगणार होतं?"

"मला वाटलं, तुम्ही वजा करूनच लिहिताय."

आजोबांचं पुसणं थांबलं होतं. पण मामाने खडू घेऊन बहात्तर खोडलं, बासष्ट लिहिलं आणि तो मटकन खाली बसला.

"काय उपयोग? जागा आणखीच कमी निघाली. एवढं लहान इंजिन आणायचं कुठून?"

आजोबांनी फडकं पुन्हा हातात घेतलं. टिकलीला रडू फुटायच्या बेतात होतं. आपण उगाच शहाणपणा केला असं तिला वाटलं.

तेवढ्यात भोपळा उठला. पंधरा दिवस ज्या लोखंडी ठोकळ्यावर तो बसत होता, त्यावरचं गोणपाट त्याने ओढून काढलं. "काका, याला एक चिठ्ठी बांधलीय. एकोणसाठ लिहिलंय. रोज माझ्या पायाला टोचते."

"ते होय? जुन्या दूधगाडीचं आहे. भोकं सगळी जुळतात. पण बहात्तरात एकोणसाठ म्हणजे पंखा रेडिएटरपासून फार लांब पडला असता, म्हणून..." मिस्त्रीकाका थांबले. मग कपाळावर हात मारून घेतला, त्यामुळे कपाळही काळं झालं. "बासष्टात एकोणसाठ! तीन सेंटीमीटर. बरोबर पंख्यापुरती जागा!"

भंगाराच्या ट्रकला 'येऊ नका' म्हणून तेव्हाच फोन गेला. पण सोमवार काही कोणासाठी थांबला नाही. बसवायला, जोडायला, तेल-पाणी बघायला अकरा दिवस गेले. बाईसाहेब पहिल्यांदा धडधडल्या तेव्हा परवाना संपून आठ दिवस झाले होते.

आजोबा बाहेरच उभे राहिले. "मामाला चालवू दे," ते म्हणाले.

मिस्त्रीकाकांनी गॅरेजचं मोठं फाटक आतून लावून घेतलं, टायर आणि डबे बाजूला सारले आणि मोटारीचं दार उघडलं. "माझ्या आवारात परवाना कोण विचारतो? बसा, बाबा."

आजोबा बसले. तिघं मागे चढली. बाईसाहेब निघाल्या, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत फाटकाशी आल्या, पुन्हा निघाल्या. मधेच आजोबा चष्मा वर करून डोळे पुसत होते आणि मुलं खिडकीबाहेर बघत होती.

शेवटी गाडी थांबली. "या गाडीला इंजिन मिळालं ते या तिघांमुळे," आजोबा म्हणाले. "तुम्ही दोघं मोठी माणसं नुसता टेप ओढत बसला होतात."

"कबूल," मामा म्हणाला. मिस्त्रीकाकांनीही मान डोलावली.

"किती फेऱ्या झाल्या गं, टिकले?"

"सात. मामाला विचारलंत तर सतरा सांगेल."

आजोबा खूप दिवसांनी हसले. मग खाली उतरले, गाडीला हात लावत लावत पलीकडे गेले आणि शेजारच्या जागेवर बसले.

"चल रे, आता तू चालव," ते मामाला म्हणाले. "आणि मिस्त्री, ते फाटक उघडा."