कच्चा रकाना

बार्शीच्या कमल सुरवसे यांनी तेहेतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि तेवढ्या काळात एकाही दुकानदाराचा चहा घेतला नाही. निवृत्तीनंतर बाई जरा मवाळ होतील, ही गल्लीची आशा फुकट गेली. तराजूच्या जागी रेडिओ आला, एवढाच काय तो फरक.

गच्चीवरच्या टाकीपासून शेजारच्या कडुलिंबापर्यंत ताणलेली एक तार आणि खालच्या खोलीत एक संच, एक संगणक, एवढा त्यांचा संसार. हौशी रेडिओचा रीतसर परवाना होता, पण माइकवर बोलणं त्यांना आवडत नसे. बोलणारे फार बोलतात, असं त्यांचं मत होतं. त्यांचा जीव अंकी संदेशांवर. हे संदेश इतके दुबळे असतात की कानाला ऐकूच येत नाहीत. खरखराटात बुडालेला सूर संगणक चाळून काढतो आणि पडद्यावर एक ओळ उमटवतो. पाठवणारा कोण, कुठे आहे, आणि त्याचा सिग्नल किती ताकदीचा पोचला, बस्स. झिरोच्या बल्बला लागते त्याहून कमी विजेवर असा संदेश समुद्र ओलांडून जातो.

हा ताकदीचा आकडा बहुधा उण्यात येतो, उणे जितका मोठा तितका सिग्नल दुबळा, आणि तो कधी एका जागी बसत नाही. आभाळातले विद्युतभारित थर हलले की आकडा हलतो, आणि पाठवणाऱ्याच्या संचाची वीज कमीजास्त झाली तरीही हलतो. दोन वर्षांपूर्वी त्यावर औषध म्हणून समतोलक आला. ही एक शिकत जाणारी आज्ञावली होती. ती सगळे चढउतार पुसून एक सरळ, शहाणा आकडा द्यायची. नकाशे देखणे झाले आणि सगळे खूश झाले. सुरवसे बाईंच्या संचावरही समतोलक होता, पण शेजारी त्यांनी न पुसलेल्या आकड्यांचा एक रकाना ठेवला होता. त्याला त्या कच्चा रकाना म्हणत आणि रोज तो वहीत उतरवून घेत. काटा दाखवतो ते लिहायचं, आपल्याला बरं वाटतं ते नाही, ही नोकरीतली सवय होती आणि ती काही सुटायची नव्हती.

हौशी मंडळींची ही पद्धत आता किनाऱ्यावरही कामाला आली होती. देवगडच्या समुद्रात बायकांचे गट शेवाळाची शेती करत. बांबूच्या तराफ्यांना दोऱ्या, दोऱ्यांना शेवाळाचे झुबके. प्रत्येक तराफ्याच्या मधोमध जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी घट्ट बसवलेली असे. तिच्या झाकणावर सौरपट्टी आणि एक लाल दिवा. खाऱ्या हवेत बॅटऱ्या टिकत नाहीत म्हणून बॅटरी नव्हतीच. ऊन असेपर्यंत पेटी चालायची. दर पाच मिनिटांनी दिवा लागे आणि मिनिटभर संदेश जाई: तराफ्याचा क्रमांक आणि तो समुद्राच्या कोणत्या चौकोनात आहे ते. हे संदेश टिपून समुद्रातल्या शोध-बचावाचं काम पाहणाऱ्या शोधकक्षाला पाठवणारे स्वयंसेवक देशभर होते. सुरवसे बाई त्यातल्याच एक.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी वादळ अंदाजापेक्षा सहा तास आधी आलं. त्रेचाळीस तराफ्यांचे नांगर तुटले. गटातली प्रणिता मोंडकर दोऱ्या आवळायला लहान होडीतून गेली होती, ती परत आली नाही. सकाळी होडी उत्तरेकडे, खडकात उलटी सापडली. शोधकक्षाची दोन जहाजं आणि एक हेलिकॉप्टर उत्तरेलाच शोधत राहिलं. तराफे तर वाऱ्याबरोबर नैर्ऋत्येला पांगले होते, साठ-सत्तर किलोमीटरच्या पसाऱ्यात. वरून पाहिलं तर शेवाळाने माखलेला तराफा आणि पाणी यांत फरक कळत नव्हता. प्रत्येक तराफा जवळून बघायचा तर चार दिवस लागले असते.

सुरवसे बाई सकाळी सातपासून संचापाशी होत्या. तराफे कुठे वाहताहेत ते कळवायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं. पावणेदहाला त्यांनी वहीत लिहिलं, "तराफा ३१. ताकद अस्थिर. संच सदोष." अक्षर ठसठशीत, खाली सही. सदोष वस्तू दिसली की शिक्का मारून बाजूला करायची, हे हाताला इतकं सवयीचं होतं की लिहिताना त्यांनी मान वरही केली नाही.

दुपारी एकला भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन त्या पुन्हा वहीपाशी बसल्या. समतोलकाच्या पडद्यावर एकतीस क्रमांक अगदी सरळ रेषेत चालला होता. कच्च्या रकान्यात मात्र उणे एकवीस, उणे एकवीस, उणे वीस, मग उणे पंधरा. पुन्हा तीन वेळा एकवीसच्या आसपास, मग पुन्हा पंधरा. सहा डेसिबलचा फरक म्हणजे ताकद चौथ्या हिश्श्यावर येणं. त्यांनी पानं उलटी चाळली. नऊपासून हेच चाललं होतं. तीन दुबळे, एक सशक्त.

घास तोंडात तसाच राहिला. त्यांना आठवला आठवडी बाजारातला एक व्यापारी, ज्याचा काटा दर चौथ्या पोत्याला बरोबर दाखवायचा आणि मधल्या तिनांना कमी. कनिष्ठ निरीक्षक म्हणाला होता, काटा बिघडलाय मॅडम. त्या म्हणाल्या होत्या, बिघडलेला काटा मोजत नसतो. ज्या काट्याची चूक मोजून येते, त्याच्याखाली कुणाचा तरी हात असतो. आणि खरोखरच फळीखाली पायाचा अंगठा सापडला होता.

"हात आहे," त्या रिकाम्या खोलीत म्हणाल्या. मग वहीतल्या सकाळच्या सहीकडे त्यांची नजर गेली आणि त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. सव्वातीन तास त्यांनी एका माणसावर नामंजुरीचा शिक्का मारून ठेवला होता.

त्यांनी शोधकक्षाला फोन लावला. तिथे नाईकसाटम नावाचे अधिकारी होते. रात्रभर जागलेला, सभ्य माणूस. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"मॅडम, समतोलकात एकतीस सरळ दिसतोय. ही आभाळाची थरथर असणार. मी हेलिकॉप्टर वळवलं आणि ती बाई उत्तरेला पोहत असली, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"आभाळाची नाही हे सिद्ध केलं तर?"

"तर बोलू. पण इंधन भरायला ते चारला खाली उतरेल. त्याच्या आत सांगा. पाचनंतर ऊन कलतं, मग तुमची पेटीही गप्प होईल."

आभाळाची नाही हे सिद्ध करायला दुसरा कान हवा होता, आणि तोही दुसऱ्या दिशेला. आभाळ एका वाटेवर फसवेल, पण बार्शीला आणि दूर पश्चिमेला एकाच मिनिटाला, एकाच मापाने फसवणार नाही. अडचण अशी की बाकी सगळ्यांनी कच्चे आकडे टाकून दिले होते. समतोलक असताना कचरा कोण साठवतो? अपवाद एकच होता. मस्कतचे दाऊद परकार, मूळचे रत्नागिरीचे. त्यांचा संगणक इतका जुना की समतोलक त्यावर चालतच नसे. सुरवसे बाईंनी त्या संगणकाची इतक्यांदा टर उडवली होती की आता फोन लावताना त्यांना संकोच वाटला.

"परकारभाई, तब्येत कशी आहे? तिकडे हवा काय म्हणते?"

"मॅडम, तुम्ही आणि हवापाण्याच्या गप्पा?" परकार हसले. "ताकाला येऊन भांडं का लपवता? काय हवंय?"

त्यांनी सांगितलं. परकारांचं हसू थांबलं. दहा मिनिटांत त्यांची यादी आली. सुरवसे बाईंनी पट्टी घेतली, वहीच्या पानावर दोन रकाने शेजारी शेजारी मांडले आणि वेळा जुळवत खाली आल्या. मस्कतला सिग्नल एकूणच दुबळा होता, पण जिथे बार्शीला आकडा पडला तिथेच मस्कतलाही पडला होता, आणि तेवढ्याच डेसिबलने. बेचाळीस नोंदींपैकी एकेचाळीस जुळल्या.

"म्हणजे आभाळ नव्हे," परकार फोनवर म्हणाले. "पेटीच कमीजास्त होतेय. पट्टीवर सावली पडतेय, मॅडम."

"सावली ढगाचीही असेल, असं तो साहेब म्हणणार."

"ढग तीन मोजून चौथ्याला सुट्टी घेतो होय?"

नाईकसाटमांनी नेमकं ढगाचंच विचारलं. तोवर सव्वातीन झाले होते. मग बाईंना सुचलं की तीन आणि एक हे ज्याचं माप आहे त्याला विचारावं. बाजारातही त्या तेच करत. माप कुणाचं ते कळलं की माणूस सापडतो. त्यांनी देवगडच्या गटाचा नंबर मागितला आणि तिघांचं बोलणं एकत्र जोडलं. फोनवर आली ती प्रणिताची जाऊ, रंजना. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"रंजनाताई, एकच सांगा. तुमच्या कामात तीन आणि मग एक, असं काही असतं का?"

"तीन बांध, एक सोड," रंजना म्हणाली. "दोरीर तीन झुबके बांधूचे, एक जागा मोकळी सोडूची. हाताक धरूक. आमी दिसभर तोंडान ह्याच म्हणत ऱ्हवतो. तुमका कोणी सांगितला?"

"तराफा एकतीस सकाळपासून हेच करतोय."

"ती जिती आसा," रंजना म्हणाली.

नाईकसाटम साहेबांनी त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही. "हेलिकॉप्टर इंधन भरून थेट एकतीसकडे जाईल. चौकोन मोठा आहे, चार-पाच किलोमीटरचा. तुम्ही ऐकत राहा."

मग सुरवसे बाईंना करण्यासारखं काहीच उरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादा आकडा वाईट यावा असं वाटत होतं. उणे बावीस आला की जीव भांड्यात पडायचा, कारण दुबळा आकडा म्हणजे कुणीतरी पट्टीवर आहे. ऊन कलत होतं आणि सगळेच आकडे हळूहळू खाली चालले होते. चारनंतर सोड येईनाशी झाली. नुसते बांध, एकामागून एक. त्यांना आणि मस्कतला ऐकत बसलेल्या परकारांना एकच भीती होती, की आता तिथे धरणारा हात आहे की नुसतं पडलेलं अंग.

पाच वाजून दहा मिनिटांनी आकडा आला उणे चोवीस. सव्वापाचला पुन्हा उणे चोवीस. पाच वीसला उणे अठरा.

पाच पंचवीसला पुन्हा उणे अठरा. साडेपाचलाही अठरा. तीनदा लागोपाठ सोड. पट्टी मोकळी होती आणि मोकळीच राहिली होती. माणूस उठला होता, किंवा उचलला गेला होता, किंवा पाण्यात गेला होता. रेडिओ यातलं काहीच सांगत नव्हता.

फोन वाजला. "मॅडम," नाईकसाटम म्हणाले. मागे पंख्यांचा गडगडाट ऐकू येत होता, त्यांनी वैमानिकाची वाहिनी जोडून दिली होती. "पाच अठराला वर घेतलं. शुद्धीवर आहे. पाणी मागितलं आणि मग शेवाळ किती वाचलं ते विचारलं."

कमल सुरवसे वहीवर डोकं टेकून मोकळेपणाने रडल्या. मग उठून गच्चीवर गेल्या आणि शेजारच्या सगळ्या पोरांना हाका मारून पेढे आणायला पाठवलं. गल्लीत अजूनही लोक त्या पेढ्यांविषयी बोलतात, कारण बाईंनी वाटलेले ते पहिलेच. मस्कतला परकारांनी नमाजानंतर मशिदीत खजूर वाटले. आठवड्याभरात शोधकक्षाने हुकूम काढला की प्रत्येक स्वयंसेवकाने कच्चा रकाना जपायचा. त्या हुकुमात हेच शब्द होते.

जानेवारीत प्रणिता स्वतः बार्शीला आली. सावळी, काटक, हातांवर दोरीचे वळ. तिने कोकमाच्या सोलांची पिशवी पुढे केली. तेहेतीस वर्षांचा नियम मोडून सुरवसे बाईंनी ती घेतली आणि चहाही तिलाच करायला लावला.

"तुमची युक्ती भारी होती," त्या म्हणाल्या. "पट्टी झाकून खुणा करायच्या. मला सुचलं नसतं."

"युक्ती कसली, मॅडम? मला कुठे ठाऊक पट्टी झाकली की काय होतं? लाटा अंगावर येत होत्या. त्या तराफ्यावर धरण्यासारखी एकच गोष्ट होती, ती पेटी. तिच्यावर पालथी पडून मिठी मारायची. लाल दिवा तीनदा लागेपर्यंत धरायचं, चौथ्याला सैल सोडून हातपाय हलवायचे. झोप लागली असती तर गेले असते, म्हणून तोंडाने मोजत होते. शेवटी सोडायचं बळ उरलं नाही, तेव्हा नुसतंच धरलं." तिने कप खाली ठेवला. "मी हाक मारलीच नव्हती. मग तुम्हाला ऐकू काय आलं?"

संचातून टिक असा आवाज झाला आणि एक नवी ओळ उमटली. प्रणिताने वाकून टेबलावरची उघडी वही पाहिली. आजच्याच तारखेच्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "तराफा ८. ताकद अस्थिर." पुढची जागा कोरी होती.

"पुढचं का लिहिलं नाहीत?"

"आता लगेच लिहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी मस्कतचा नंबर फिरवायला घेतला आणि खुर्ची तिच्यासाठी जरा बाजूला सरकवली. "बस इथे. आधी विचारू या. हा संच बिघडलाय, की कुणी त्याला धरून बसलंय?"