मास्तरांची करडी रेघ

हे मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीचं दोन वेळा का उडालं, ते शेवटी सांगते.

घटना शंभर टक्के खरी आहे. माझ्या धाकट्या नणंदेच्या बाबतीत घडली. आणि रात्र नव्हती बरं का... शनिवारची भर दुपार होती, दोन वाजत आले होते.

ती कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिते. ऑफिस आठ-दहा जणांचं. सगळ्यांचं काम साठवायला त्यांच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. स्क्रीनवर रंगीत रेघा दिसतात, माणशी एक रंग. कोणी कधी काय बदललं, ते सगळं तिथे कळतं. सोपं पडेल म्हणून आणलं आणि नुसता डोक्याला ताप झाला. मेलं एक बटण काम जपतं, अन् त्याला खेटून असलेलं दुसरं ते कायमचं टाकून देतं! कोणत्या अकलेच्या कांद्याने बनवलंय, देव जाणे.

तिथे एक वयस्कर गृहस्थ होते. आधी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत.

"अर्धवट काम मी त्या रेघांत घालणार नाही," असा त्यांचा हट्ट. त्यामुळे त्यांचं सहा आठवड्यांचं काम फक्त त्यांच्या कॉम्प्युटरवर होतं.

एकदा नणंदेचा कॉम्प्युटर बिघडला. मास्तर जेवायला गेले होते, म्हणून ही त्यांच्या खुर्चीत बसली. तिचं काम काही उघडेना. स्क्रीनवर प्रश्न आला, 'इथले न साठवलेले बदल टाकून द्यायचे?'

ते बदल कोणाचे आहेत, तिला माहीत होतं.

पण घाई होती. तिने 'हो' दाबलं.

आणि नंतर तोंडातून चकार शब्द काढला नाही.

साहेबांनी मास्तरांना सगळ्यांदेखत झापलं. "सहा आठवडे काय झोपा काढल्या?"

मास्तर एवढंच म्हणाले, "केलं होतं हो मी..."

पंधरवड्यात ते गेले. झोपेतच.

त्यांची खुर्ची नणंदेला मिळाली.

त्या शनिवारी ती ऑफिसात एकटीच होती. सोमवारी काम दाखवलं की नोकरी पक्की होणार होती. तीन आठवड्यांची मेहनत, वेळच्या वेळी साठवलेली. तिची रेघ लाल.

तेवढ्यात तिला दिसलं...

लाल रेघेपासून जरा लांब एक करडी रेघ. नाव नाही.

"सुट्टीच्या दिवशी कोण काम करतंय?" ती पुटपुटली.

पुन्हा पाहिलं... करडी रेघ जवळ आली होती.

टक... टक...

मास्तर दोन बोटांनी टाइप करायचे. तस्साच आवाज. ती गर्रकन वळली. मागे कोणी नव्हतं.

टक... टक...

आवाज तिच्याच कीबोर्डमधून येत होता. तिचे हात मांडीवर होते.

स्क्रीनवर प्रश्न उमटला, 'बदल टाकून द्यायचे?'

खाली दोन बटणं. दोन्हींवर 'हो'.

तिने उठायला खुर्ची मागे ढकलली. खुर्ची हलेना. पाठीमागून कोणीतरी घट्ट धरून ठेवली होती.

आणि लाल रेघ पुसली जायला लागली... एका टोकापासून, सावकाश.

"मास्तर, मीच टाकलं!" ती किंचाळली. "माहीत होतं मला तुमचं आहे ते!"

टकटक थांबली.

तिने रडतरडतच साहेबांना फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. वाटलं, खरं बोलले, आता तरी काम परत मिळेल.

कसलं काय! सोमवारी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर धुंडाळले. तिच्या तीन आठवड्यांतलं एक अक्षर सापडलं नाही. बाकी कोणाच्या रेघेला धक्काही लागला नव्हता.

करड्या रेघेवर मात्र मास्तरांचं सहा आठवड्यांचं काम होतं. सगळंच्या सगळं. साठवल्याची वेळ, शनिवार, दोन वाजून दहा मिनिटं.

नणंदेची नोकरी गेली.

आता ते दोन वेळा उडालेलं. घरची पोर आहे, बदनामी नको, म्हणून मी लिहिलं होतं की ते काम कोणाचं हे तिला ठाऊक नव्हतं. दोन्ही वेळा डोळ्यांदेखत पान कोरं झालं. या खेपेला जसं घडलं तसं लिहिलंय.

ती आत्ता माझ्या शेजारी बसलीये. "वहिनी, तेवढं एक वाक्य काढ ना गं," म्हणतेय.

मी त्या वाक्याला हात लावणार नाही.