एवढं एक पॅनल

काळ्या गाडीच्या नादी लागू नये, असं गाड्या पॉलिश करण्याच्या धंद्यातले जुने लोक सांगतात. पांढरी गाडी पुष्कळ गोष्टी पोटात घालते. काळी एकही घालत नाही. कोणी तिला कोरड्या फडक्याने पुसलं, कोणी धूळ न धुताच हात फिरवला, सगळ्याची खूण ती अंगावर ठेवते. सावलीत उभी असली की नवी वाटते, आणि ऊन पडलं की कोळ्याने अंगभर जाळं विणल्यासारखी दिसते.

पॉलिशवाल्याचं पोट या जाळ्यावरच चालायचं. त्याच्या गाळ्यात एका वेळी एकच गाडी मावायची. भिंतीला टांगलेलं मशीन, फळीवर फोमच्या चकत्या आणि रंग घासायच्या कंपाउंडच्या बाटल्या, कोपऱ्यात एक स्टूल आणि स्टँडवरचा पांढरा दिवा, एवढाच पसारा. काम सुरू करण्याआधी तो शटर पूर्ण खाली ओढायचा आणि त्या दिव्यात ओरखडे बघायचा. त्यात एक गंमत असते, ती तो गिऱ्हाइकांना हौसेने दाखवायचा. ओरखडे असतात वेडेवाकडे, सगळ्या दिशांना गेलेले. पण रंगावर दिव्याचं प्रतिबिंब जिथे पडतं, त्याच्याभोवती ते गोल गोल फिरल्यासारखे दिसतात. दिवा डावीकडे सरकवला की गोलही डावीकडे सरकतो. दिवा विझवला की गोल गायब. "गोल ओरखड्यांचा नसतो हो, दिव्याचा असतो," असं तो सांगायचा आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं.

त्याची आणखी एक खोड होती. एकदा पॅनल हातात घेतलं, म्हणजे एखादं दार, बॉनेट किंवा छत, की ते पुरं झाल्याशिवाय मशीन खाली ठेवायचं नाही. जेवण थांबायचं, फोन थांबायचे, माणसंही थांबायची. शेजारच्या गाळ्यातला, गाड्यांचे पोचे काढणारा डेंटर त्याला चिडवायचा, "तुला न्यायला यम आला ना, तरी त्याला स्टुलावर बसवशील. म्हणशील, एवढं एक पॅनल संपवतो आणि निघू." गेल्या हिवाळ्यापासून मात्र डेंटरने हा विनोद बंद केला होता.

त्या हिवाळ्यात पॉलिशवाल्याचे बाबा गेले. ते ताईकडे राहायचे, एका बोळाच्या टोकाला. बोळातला दिवा कित्येक वर्षं बंद होता आणि फाटकाजवळच्या गटारावर झाकण नव्हतं. आठवड्यातून एकदा तो मोटरसायकलवरून तिकडे जेवायला जायचा, आणि त्या दिवशी बाबा टॉर्च घेऊन बाहेर येऊन उभे राहायचे. त्यांची काळी गाडी फाटकाबाहेर लावलेली असायची. तिच्या मागे उभे राहून ते गटारावर उजेड धरायचे. "मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" असं तो करवादायचा. बाबा म्हणायचे, "नाहीस. पण गटाराला ते कुठे माहीत आहे?"

त्या संध्याकाळी त्याने सात वाजता येतो म्हणून सांगितलं होतं. साडेसातला बाबांचा फोन आला. तो म्हणाला, "एवढं एक पॅनल राहिलंय, हातासरशी संपवतो आणि निघतो. तुम्ही बाहेर थंडीत उभे राहू नका." "बरं," असं म्हणून बाबा बाहेर गेले. इकडे ते दार चकाकल्यावर शेजारचं दार डोळ्यांत खुपायला लागलं, म्हणून तेही झालं. साडेनऊला तो बोळात वळला तेव्हा टॉर्चचा उजेड लांबूनच दिसला. नेहमीपेक्षा बराच खाली होता, पण पडला होता नेमका गटारावरच. त्या उजेडात त्याने मोटरसायकल नीट पलीकडे काढली, आणि मग त्याला डिकीला टेकून जमिनीवर बसलेले बाबा दिसले. डॉक्टर म्हणाले, तास होऊन गेला असावा.

तीच गाडी ताईने सोमवारी सकाळी त्याच्या गाळ्यात आणून लावली.

"घेणारा रविवारी येतोय," ती म्हणाली. "नुसती धुऊन दिलीस तरी चालेल."

"काळी गाडी नुसती धुऊन देतात का?"

"तुला नाहीच जमायचं ते." ताईने किल्ली फळीवर ठेवली. "सामान सगळं काढलंय. त्यांचा टॉर्च तेवढा पुढच्या कप्प्यात आहे. मला हात लावावासा वाटला नाही."

"सेल फुटून घाण झाली असेल आत."

"सेल तेव्हाच काढलेत. तो चालूच होता ना. बटण मागे करायला कुणाचा हात होईना. शेवटी मागचं झाकण फिरवून सेलच काढून घेतले मी."

गाडी धुऊन झाल्यावर त्याने शटर ओढलं आणि दिवा लावला. ओरखड्यांचं नुसतं रान माजलं होतं. बाबा रोज सकाळी जुन्या बनियनने गाडी कोरडीच पुसायचे. "गाडी पुसता की खरवडता?" असं तो विचारायचा, आणि ते त्याला दाखवून दुप्पट जोराने पुसायचे. हे आठवून त्याला हसू आलं. तो बॉनेटवर वाकला. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती पांढरा गोल दिसत होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर दुसरा एक गोल होता, पिवळसर. त्याच्या मध्यभागी दिवा नव्हता.

शटरला कुठे भोक असेल, असं त्याला वाटलं. त्याने फटी जुन्या फडक्यांनी बुजवल्या. मग स्टँड उचलून दिवा दुसऱ्या बाजूला नेला. पांढरा गोल दिव्यामागोमाग गेला. पिवळा जागच्या जागी राहिला.

कामाच्या माणसाला फार विचार करायला वेळ नसतो. त्याने मशीन लावलं, बॉनेट पॉलिश केलं, पुसलं. दोन्ही गोल गेले. पिवळा संध्याकाळी त्याला डाव्या मडगार्डवर दिसला.

मंगळवारी मडगार्डं झाली, तेव्हा पिवळा गोल पुढच्या दारावर होता. जिथे पॉलिश झालं तिथून उठायचा आणि जिथे ओरखडे शिल्लक होते तिथे येऊन बसायचा. पॉलिशवाल्याने सुतळी आणि टेप घेऊन मोजमाप केलं. अशा ठिकाणी गोल पडायचा तर दिवा कुठे असायला हवा, हे या धंद्यात त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. कुठूनही मोजलं तरी उत्तर एकच यायचं. गाडीच्या मागे, शटरजवळ, कमरेच्या थोडा खाली. तो तिथे जाऊन उभा राहिला. तिथे काहीच नव्हतं, नुसता थंडगार पत्रा होता.

बुधवारी डेंटर पाना मागायला आला, शटर हातभर उचलून वाकून आत शिरला आणि त्याने ते पुन्हा खाली ओढलं. बोलता बोलता तो मागच्या दाराकडे बघत राहिला.

"दुसरा दिवा कुठे लावलास?"

"नाही लावला."

डेंटरने मागे बघितलं, वर बघितलं, आपली सावली पडते का ते हात हलवून बघितलं. मग पॉलिशवाल्याने स्टँडवरचा दिवा बंद केला. अंधारात गाडी दिसेनाशी झाली. दारावरचा पिवळा गोल तेवढा राहिला. तो किंचित थरथरत होता. थोड्या वेळाने तो वीतभर उजवीकडे सरकला आणि पुन्हा स्थिर झाला. हात भरून आला की माणूस हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेतो, तसा.

"गड्या, शटर वर कर," डेंटर हळूच म्हणाला. बाहेर उन्हात गेल्यावर त्याने पाना न नेताच हात झटकले. "विषाची परीक्षा बघू नये. झालं तेवढं पुरे म्हण आणि देऊन टाक गाडी."

पण विष असतं तर पॉलिशवाल्याने गाडी कधीच बाहेर ढकलली असती. त्याला भीती वाटत नव्हती असं नाही. पण भीतीच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, आणि ते त्याला कुणापाशी कबूल करवेना. रोज सकाळी शटर ओढताना त्याला धाकधूक व्हायची, ती गोल दिसेल याची नव्हती, दिसणार नाही याची होती. तरीही तो रोज मशीन लावत होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बाबांची तर मेल्यावरही गेली नव्हती, मग त्याची कशी जाणार?

शनिवारी दुपारी ताई आली. सगळी गाडी झाली होती, फक्त डिकीचं झाकण राहिलं होतं. त्याने काही न सांगता शटर ओढलं आणि दिवा बंद केला. ताई स्टुलावर बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"असाच खाली धरायचे," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून."

ती उठून डिकीजवळ गेली.

"एवढी डिकी राहू दे."

"घेणारा नावं ठेवेल, ताई."

"ठेवू दे. नाहीतर मी विकतच नाही, घरीच नेते. तू फक्त हिला हात लावू नकोस."

"नाही लावत."

"नक्की?"

"नक्की."

त्याने ते मनापासून म्हटलं होतं. ताई गेल्यावर त्याने मशीन पुसून भिंतीला टांगलं आणि शटर वर केलं. दुपारचं ऊन आत आलं. पुढून मागेपर्यंत गाडी विहिरीतल्या पाण्यासारखी काळीभोर झाली होती. फक्त टोकाला ती डिकी, राखाडी, ओरखडलेली. तिच्या कडेला कंपाउंडचे दोन थेंब वाळले होते. तेवढे काढावेत म्हणून त्याने फडकं फिरवलं. फडक्याने तिथे बोटभर चकाकी आली, आणि मग ती बोटभर चकाकी डोळ्यांत खुपायला लागली. कडेची चार बोटं सारखी करून घ्यावीत, एवढंच त्याच्या मनात होतं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

मशीन सुरू झालं. चार बोटांची वीत झाली, वितीचा हात झाला. फळीवर फोन वाजला. ताईचा होता. वाजून वाजून थांबला. एवढं एक पॅनल, त्याने स्वतःशी म्हटलं, आणि ते शब्द कानावर पडले तेव्हाही त्याचा हात थांबला नाही.

डिकी पुरी झाली.

त्याने ती पुसली. शटर ओढलं. दिवा लावला. दिव्याचं प्रतिबिंब स्वच्छ पडलं, एकटं, त्याच्याभोवती एकही रेघ नव्हती.

त्याने दिवा बंद केला.

आठवडाभरात पहिल्यांदाच गाळ्यात पुरता अंधार होता. तो चाचपडत गाडीला वळसा घालून शटरजवळ गेला, मोजून काढलेल्या त्या जागी.

"बाबा," तो म्हणाला. "आलो."

अंधार तसाच राहिला. आपण काय करून बसलो, हे त्याला तेव्हा कळलं, आणि मागच्या वेळेसारखंच उशिरा कळलं. कुणीतरी आठवडाभर त्याच्यासाठी उजेड धरून उभं होतं, आणि त्याने एकेक पॅनल करत त्याला उभं राहायला जागाच ठेवली नव्हती.

तो गाडीत जाऊन बसला आणि पुढचा कप्पा उघडला. टॉर्च हाताला लागला. आत सेल नव्हते, उचलतानाच ते कळत होतं. मागचं झाकण सैल होतं. बटण पुढे होतं, कुणी मागे केलंच नव्हतं.

त्याने टॉर्चच्या काचेवर तळवा ठेवला. ती कोमट होती.

तो तसाच बसून राहिला. फळीवर फोन पुन्हा वाजायला लागला. तळव्याखाली काच हळूहळू निवत गेली, आणि ती पुरती गार होईपर्यंत त्याने हात काढला नाही.