सई आणि अनीशच्या मधली जागा

ही गोष्ट माझ्यासोबत घडलेली आहे. ऐकीव नाही. पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, मला कुणाची समजूत काढायची नाही.

भुताचं म्हटलं की लोकांना रात्र लागते. हे भरदुपारी घडलं. गेल्या वर्षीचा एप्रिल, सोलापूरचं ऊन, दुपारचे तीन.

मी दाक्षायणी. साखर पेठेजवळच्या एका छोट्या प्रेसमध्ये डीटीपी करते. लग्नपत्रिका, वास्तुशांत, वर्षश्राद्ध, सगळं माझ्याच हातून जातं. मालक शंकरप्पा, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो.

त्या दिवसांत माझी नोकरी टांगणीला लागली होती.

चूक माझीच. महिनाभर आधी एका पत्रिकेत मजकूर मावेना, म्हणून ओळी मागेपुढे केल्या. वरच्या ओळीतलं 'कै.' घसरून खालच्या ओळीत आलं, आणि नवरदेवाचा चांगला धडधाकट मामा कैलासवासी झाला. मामा स्वतः पत्रिका हातात घेऊन दुकानात आला होता. आता हसू येतं, तेव्हा पायाखालची जमीन सरकली होती.

अप्पा एवढंच म्हणाले, "आणखी एक चूक झाली की खुर्ची रिकामी करायची. सांगून ठेवतो."

घर माझ्याच पगारावर चालत होतं.

त्या दुपारी टेंभुर्णीच्या आबासाहेबांची पत्रिका हातात होती. मुलीचं, आरोहीचं लग्न. पाच वाजता येऊन ते नमुना बघणार, मग छपाई. अप्पा जेवायला घरी गेले होते. उन्हामुळे शटर वीतभर फट ठेवून खाली ओढलेलं. कूलरची घरघर. मी एकटी.

पत्रिका पूर्ण होत आली होती. फक्त शेवटचा मजकूर राहिला होता, मुलांचा.

'आमच्या आरोहीताईच्या लग्नाला यायचं हं!'

खाली एकाखाली एक चार नावं. पृथ्वीराज, सई, अनीश, उत्कर्षा.

सई आणि अनीशच्या मधे जास्तीची जागा पडली होती.

बरोब्बर एका ओळीची.

एंटर जास्त पडला असेल म्हणून बघितलं. नव्हता. ओळींमधलं अंतर तपासलं. चौदा पॉइंट. सगळीकडे चौदा.

बारा केलं. बाकीच्या ओळी जवळ आल्या. ती जागा तेवढीच.

दहा केलं… आठ केलं…

मराठीत अंतर एवढं कमी करता येत नाही. वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर चढतात. तसंच झालं, सईचं नाव पृथ्वीराजवर चढलं, उत्कर्षा अनीशवर. सगळा चिखल.

मधली जागा मात्र कोरी. हलली नाही.

तेवढ्यात कूलर बंद पडला. लाइट होती, कॉम्प्युटर चालू होता. फक्त कूलर…

आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणालं,

"…हं."

अगदी कानाजवळ. लहान मुलाचा आवाज. हट्टाचा.

मी ताडकन उठले. दुकानात कुणी नव्हतं.

भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण घड्याळात साडेचार वाजत आले होते आणि नोकरीची भीती त्याहून मोठी होती. मी पुन्हा बसले. नावांचे दोन तुकडे केले आणि खालचा तुकडा हाताने वर सरकवून चिकटवला. जागा मिटली. मी सुस्कारा सोडला.

टक… टक… टक…

शटरवर. खूप खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

शटरखालून रस्ता दिसत होता. उन्हाने पांढरा पडलेला.

तिथे पाय नव्हते.

मी नमुना छापला. कागद बाहेर आला. सई आणि अनीशच्या मधे… जागा तशीच होती.

पाचला अप्पा आले. मागोमाग आबासाहेब आणि त्यांची म्हातारी आई, सोजरबाई. आबासाहेबांनी कागद बघितला आणि कपाळावर आठ्या पडल्या.

"हे मधीच मोकळं का ठिवलंय?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखत होते.

"मिटतच नाहीये," मी कसंबसं बोलले. "सगळं करून बघितलं."

"ह्यो काय जवाब झाला?" आबासाहेबांचा आवाज चढला.

सोजरबाईंनी कागद स्वतःकडे ओढला. त्यांना वाचता येत नव्हतं. सुरकुतलेलं बोट नावांवर ठेवून मला म्हणाल्या, "वाच की पोरी. काय काय लिवलंय?"

"पृथ्वीराज… सई…"

मी पुढचं नाव घेणार होते. तोंडच उघडेना. म्हातारीचं बोट त्या कोऱ्या जागेवर येऊन थांबलं होतं.

"प्रभु," त्या म्हणाल्या.

आबासाहेब मटकन स्टुलावर बसले.

प्रभु त्यांचा मुलगा. आरोहीचा धाकटा भाऊ. सईपेक्षा लहान, अनीशपेक्षा मोठा. दोन वर्षांपूर्वी कालव्यात बुडून गेला.

"लई नाद त्याला ताईच्या लगनाचा," सोजरबाई सांगत होत्या. "वाटंनं जाणाऱ्यालाबी थांबवून म्हनायचा, ताईच्या लग्नाला यायचं हं."

हं.

माझ्या अंगावर काटा आला. मी काय ऐकलं होतं, ते तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"शुभकार्यात गेलेल्याचं नाव नगं, म्हनून म्याच सोडलं," आबासाहेब म्हणाले. ते लहान मुलासारखे रडत होते. "नाव न्हाय टाकायचं. पर जागा राहू द्या. ती त्याचीच हाय."

पत्रिका तशाच छापल्या. कूलर आपोआप सुरू झाला होता, कधी ते कळलंच नाही.

माझी नोकरी राहिली. म्हणून तर घरची पत्रिकाही माझ्याच हातून करायची वेळ आली.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दादाच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. खाली तीनच नावं. आई हेमावती, बसूदादा आणि मी. आम्ही दोघंच भावंडं. शाळेच्या फॉर्मवर मी कायम तेच लिहीत आले.

ओळींमधलं अंतर चौदा.

बसूदादाच्या आणि माझ्या नावाच्या मधे…

बारा केलं. दहा केलं. मग हात थांबला आणि मी आईला फोन लावला.

"आई, पत्रिकेत दोन नावांच्या मधे जागा पडतेय. काही केल्या मिटत नाही."

तिकडे भांडी घासण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

कोणती दोन नावं, हे मी सांगितलं नव्हतं.

"बसूच्या आणि तुझ्याच मधे ना?" आईने विचारलं.

मी फोन ठेवला. पुढचं विचारायची हिंमत अजून झालेली नाही. पत्रिका आज छपाईला द्यायची आहे, आणि ती जागा मी मिटवलेली नाही.